मधला चौकोन

ग्रँट हॅलोरननं काचेवरून मर्लच्या नावाची पिवळी चिठ्ठी उचलली आणि ती आता कुठं लावायची हे न सुचून स्वतःच्या शर्टाच्या बाहीवरच चिकटवून ठेवली.

"हे बघ," तो म्हणाला. "कसं मोकळं दिसायला लागलं."

डेनीस कुचेरानं काचेकडे पाहिलं. पलीकडे ओमाहाचं जानेवारीतलं पांढरट आभाळ होतं आणि अलीकडे, ग्रँटच्या खोलीच्या त्या लांबलचक खिडकीवर, विमा कंपनीचा अख्खा क्लेम विभाग चिठ्ठ्यांच्या रूपानं चिकटवलेला होता. सगळ्यात वर व्हाइस प्रेसिडेंट म्हणून ग्रँट. त्याच्याखाली डायरेक्टर डेनीस. तिच्याखाली तीन मॅनेजर, त्यांच्याखाली सुपरवायझर, आणि तळाशी सर्व्हेअर. फुटलेली छपरं आणि जळालेली स्वयंपाकघरं पाहत राज्यभर हिंडणारी माणसं ती. त्यांच्या चिठ्ठ्या इतक्या दाटीनं लावल्या होत्या की एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या.

शिकागोहून आलेले सल्लागार पंधरवडाभर तळमजल्यावर ठाण मांडून बसले होते. त्यांनी जे सांगितलं ते मुख्य कचेरीनं जसंच्या तसं उचललं. वरपासून खालपर्यंत, जमेल तिथं, एक पायरी कमी करायची. आणि व्हाइस प्रेसिडेंटच्या खाली ज्याला साहेब म्हणवून घ्यायचं असेल, त्याच्या हाताखाली थेट आठ तरी माणसं हवीत. मर्लच्या हाताखाली पाच सुपरवायझर होते.

"पाचजणांवर एक मॅनेजर," ग्रँट म्हणाला. "वरची माणसं पहिलं बोट इथंच ठेवणार. ते पाच सरळ तुझ्याकडे आले की तुझाही हिशेब जमतो."

"आणि मर्ल?"

"वर्षभराचा पगार. तोवर आजारपणाचा विमाही चालू. पॅकेज चांगलं आहे, डेनीस. खरंच चांगलं आहे." ग्रँटनं बाहीवरची चिठ्ठी काढून टेबलाच्या कडेला लावली. "तू सांगशील ना त्याला? शुक्रवारच्या आत. तुझ्याइतकं नीट कुणालाच जमत नाही."

डेनीसनं मान हलवली आणि आपली वही उचलली.

हे वाक्य तिला पाठ होतं. दर तीन-चार वर्षांनी वर कुणीतरी नवा माणूस येई आणि पायऱ्या नव्यानं मांडी. एकानं पायऱ्या वाढवल्या, कारण लोकांना बढतीची आशा दिसायला हवी होती. पुढच्यानं त्या कमी केल्या, कारण निर्णय वर जाऊन खाली येईतो माणसं म्हातारी होत होती. मधे एकानं प्रत्येकाला दोन-दोन साहेब दिले, एक कामाचा आणि एक विभागाचा, आणि रजा नेमकी कुणाकडे मागायची हे दोन वर्षं कुणाला कळलंच नाही. दरवेळी काही चिठ्ठ्या उरत. त्या चिठ्ठ्यांच्या माणसांना कुणीतरी सांगावं लागे, आणि ते कुणीतरी डेनीस असे. ती कोपऱ्यातली, जिथून रडं बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली घेई. टिश्यूचा पुडा स्वतःच्या पैशांनी आणून ठेवी. बोलून झालं की त्या माणसाबरोबर गाडीपर्यंत चालत जाई. मग घरी गेल्यावर गॅरेजमध्ये गाडी बंद करून, स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राही. घटस्फोटाला बरीच वर्षं झाली होती, मुलगी डेन्व्हरला स्थायिक झाली होती. आत वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून कितीही वेळ बसलं तरी चालत असे.

मर्ल सोरेन्सनला मात्र हे सांगायचं म्हणजे वेगळंच होतं. सांगायचं कसं, हे तिला शिकवलं होतं तेच मर्लनं. ती सर्व्हेअर म्हणून नवीन लागली तेव्हा तो तिचा सुपरवायझर होता. पुरात कोठार गेलेल्या एका बाईचा क्लेम नामंजूर झाला होता. त्या बाईच्या अंगणात गाडी उभी केल्यावर तो म्हणाला होता, "वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगायची, डेनीस. आधी हवापाण्याचं बोलत बसलीस तर तिला वाटेल तू चेक घेऊन आलीयेस." पुढं ती त्याला मागं टाकून वर चढत गेली. तो मॅनेजर झाला आणि तिथंच राहिला. याची सल त्याच्या बोलण्यात तिला कधी जाणवली नव्हती.

गुरुवारी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली, तेव्हा तो उशिराचं जेवत होता. डब्यातली चिली, राजमा आणि खिम्याची ती घट्ट आमटी, संपत आली होती आणि दालचिनीच्या रोलचा तुकडा तो तिच्यात बुडवून खात होता.

"ये ये. अर्धा देऊ?"

"नको. जेवलेय मी." ती बसली. "लोइस कशी आहे?"

"झकास. शाळेच्या लायब्ररीतली नोकरी संपली, आता नवरा एवढा एकच वाचक उरलाय. पुस्तक देते आणि वर परीक्षा घेते."

"सकाळी रस्ते कसे होते तुमच्या बाजूला?"

मर्लनं हातातला तुकडा खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"रस्त्यांची चौकशी करायला तू दोन मजले उतरून आलेली नाहीस," तो म्हणाला. "पहिल्या वाक्यात सांग बघू."

"तुझी जागा जातेय, मर्ल. एक मार्चपासून."

मर्लनं कागदी रुमालानं एकेक बोट पुसलं. मग तो उठला आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. त्यानं दोन्ही तळहात चेहऱ्यावर ठेवले. त्याचे खांदे एकदा वर आले आणि खाली गेले. डेनीसनं बरोबर आणलेला टिश्यूचा पुडा टेबलावरून हळूच पुढं सरकवला. मर्लचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पॅकेज?" त्यानं वळून न पाहताच विचारलं.

"वर्षभराचा पगार. विमा चालू राहील तोवर."

"लेखी?"

"लेखी."

"आणि माझी पोरं?" सुपरवायझरांना तो पोरं म्हणायचा. त्यातल्या दोघींना नातवंडं होती.

"माझ्याकडे येतील."

"पाचही?"

"पाचही."

"मरशील तू," तो खिडकीला म्हणाला. मग जरा वेळानं, "दोन दिवस कुणाला बोलू नकोस. लोइसला आधी मला सांगू दे."

त्यानं खुंटीवरचा कोट काढला. एवढ्या वर्षांत मर्ल दिवसाउजेडी घरी गेलेला तिनं पाहिला नव्हता. हातमोजे आधी उलटे चढवले, मग सुलटे केले. डबा टेबलावर तसाच राहिला. तिच्या दंडाला ओझरता हात लावून तो बाहेर पडला आणि लिफ्टकडे इतक्या भराभर गेला की तिला गाडीपर्यंत त्याच्याबरोबर जाता आलं नाही. माणसांत तोंड दाखवणं नकोसं झालं असणार, असं तिला वाटलं. तिनं डबा विसळून, पुसून त्याच्या खुर्चीवर ठेवला.

शनिवार-रविवार बर्फ पडलं. डेनीस फावडं घेऊन दारापुढची वाट मोकळी करत राहिली. ती मोकळी करी आणि पुन्हा भरे. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला आता कोण घेणार, हे तिच्या मनातून जाईना. वर्षभराचा पगार वर्षभरात संपतो. मग? लोखंडी सामानाच्या दुकानात एप्रन बांधून खिळे विकणारा मर्ल तिला दिसायला लागला. असे दोघे-तिघे तिच्या ओळखीत होते. त्यांच्या दुकानात ती जात नसे.

रविवारी दुपारी फावडं भिंतीला टेकवून ती स्वयंपाकघरात बसली आणि मनातल्या मनात त्या काचेवरच्या चिठ्ठ्या हलवायला लागली. मर्लची परत लावली. दुसऱ्या मॅनेजरची काढून पाहिली, जमेना. मग गंमत म्हणून स्वतःची काढली.

तिघे मॅनेजर थेट ग्रँटखाली गेले. एक पायरी कमी झाली. तिच्या स्वतःच्या कचेरीतले तिघे, एक प्रशिक्षणाची बाई, एक तक्रारींचा माणूस आणि एक आकडेमोड करणारा, हे मर्लच्या पाचजणांत मिळवले की आठ भरत होते. बाकीच्या दोघा मॅनेजरांकडे आधीच आठाहून जास्त होते. कुठं काही ओढूनताणून बसवावं लागत नव्हतं.

चहा गार होईपर्यंत ती हलली नाही. आपण हे मर्लसाठी करतोय का, असं तिनं स्वतःला विचारलं. मर्लसाठी होतंच. पण उद्यापासून कुणाला काही सांगायचं नाही, वरचं खाली न्यायचं नाही आणि खालचं वर न्यायचं नाही, असा विचार आला आणि तिच्या खांद्यांतली कळ, जी तिला आता कळ म्हणून जाणवतही नव्हती, ती एकदम सुटली. तिनं उठून गार चहा ओतून दिला आणि नवा ठेवला.

सोमवारी सकाळी ग्रँटसाठी तिनं मनाशी तीन कारणं तयार ठेवली होती. तो आढेवेढे घेईल, विचार कर म्हणेल, मग दुसरं कारण काढायचं. पहिलं कारण अर्धं सांगून झालं तोच ग्रँट उठला, काचेपाशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिची चिठ्ठी काढली. मागं सरकून त्यानं डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं.

"हे फार सुंदर आहे," तो म्हणाला. "खरं सांगू का, वरून हाच प्रश्न आला होता. डायरेक्टर कशाला हवाय मधे, म्हणून. मीच म्हटलं, डेनीसला हात लावायचा नाही."

काहीतरी भेट द्यावी तसं तो हे म्हणाला. डेनीसनं थँक्यू म्हटलं.

"पण मग तुझं काय?"

"थेट मर्लच्या हाताखालची, मोठ्या नुकसानीच्या सर्व्हेअरची जागा उन्हाळ्यापासून रिकामी आहे. मला ती दे."

"ती? महिन्यातले वीस दिवस मोटेलात काढावे लागतात, डेनीस. पगारही..."

"माहीत आहे."

"दिली," ग्रँट म्हणाला. त्यानं हात पुढं केला आणि तो तिनं हातात घेतला. "ऐक ना, घोषणेचा मजकूर तूच लिहिशील? म्हणजे, तुझ्याइतकं नीट..." पुढं काय येतंय हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो गप्प झाला.

"लिहिते," डेनीस म्हणाली.

ती बाहेर आली. आपण मागितलं तेच मिळालं होतं. तरी बाथरूममध्ये जाऊन तिनं बराच वेळ मनगटांवर गार पाणी सोडलं. निदान एक कॉफी संपेल इतका वेळ तरी त्यानं नाही म्हणायला हवं होतं.

मर्लच्या खोलीच्या दाराशी आली तेव्हा आतून शिट्टी ऐकू येत होती. माणसं असाच धीर धरतात, असं तिला वाटलं. तिनं दार ढकललं. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात लोइसचा फोटो, कॉफीचा मग, दोन-तीन पुस्तकं. भिंतीवरचा, पेंढा भरून लाकडी फळीवर ठोकलेला मासा मर्लनं नुकताच उतरवला होता. तो मासा त्यानं पोटाशी धरला होता.

"तुझी जागा राहतेय, मर्ल," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. ती इतकं भरभर बोलत होती की मधे दोनदा तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं, पण हसू आवरेना. मर्ल मासा धरून तसाच उभा होता. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्यानं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणजे तू डायरेक्टर नाहीस आता."

"नाही. तू माझा साहेब. पुन्हा."

"माझ्यासाठी केलंस हे?"

"तुझ्यासाठी. आणि माझ्यासाठीही. दमलेय रे मी."

मर्लनं मासा टेबलावर ठेवला. तो उलटा ठेवला गेला. मग तो खुर्चीत बसला.

"लोइसला सांगायला हवं," तो म्हणाला.

"मग कर ना फोन! मी बाहेर थांबते."

"करतो. करतो जरा वेळानं."

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं तिला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिच्या पाठीवर तो हळूहळू थोपटत राहिला, जसं काही तिचंच कुणी गेलं होतं. ती निघाली तेव्हा तो मासा परत टांगायला भिंतीवरचं भोक चाचपत होता.

मार्च लागला. नव्या मांडणीची घोषणा झाली. पहिला आठवडा लोक डेनीसला लिफ्टमध्ये पाहून गप्प होत आणि मग काहीतरी जास्तच मोठ्यानं बोलत. दुसऱ्या आठवड्यापासून ती ऑफिसात नसेच. नॉर्थ प्लॅटजवळ धान्याचं गोदाम जळालं होतं, फ्रीमाँटला शाळेचं छत बर्फाच्या वजनानं खाली आलं होतं. ती मोटेलात झोपे, सकाळी बूट घालून बाहेर पडे, पाही, मोजी, लिहून काढी. कुणाचा काय राग आहे, कुणाला कुणाबरोबर बसवायचं नाही, हे काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी ती ओमाहात होती, म्हणून साउथ ओमाहाच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेली. तळणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि रांग दाराबाहेर गेली होती. त्या दिवशी मांस वर्ज्य म्हणून आलेले कॅथलिक अर्धे आणि नुसते माशांसाठी आलेले अर्धे. रांगेत पुढं तिला लोइस दिसली. उंच, ताठ, हातात कागदी ताटली.

"मर्ल नाही आला?" टेबलाशी समोरासमोर बसल्यावर डेनीसनं विचारलं.

"शुक्रवारी कसला येतोय. आता त्याच्याकडे आठजण आहेत. तुला धरून नऊ. आणि तुमच्या त्या ग्रँटला सगळं शुक्रवारी संध्याकाळीच हवं असतं. आधी ते तू द्यायचीस म्हणे."

"हो. पण निदान जागा तरी राहिली, लोइस."

लोइसनं लिंबाची फोड माशावर पिळता पिळता थांबून तिच्याकडे पाहिलं.

"त्यानं तुला सांगितलंच नाही," ती म्हणाली. "हो ना? म्हटलंच मी."

"काय?"

"त्या गुरुवारी तो भर दुपारी घरी आला. मला वाटलं छातीत दुखायला लागलं की काय. तर दारातच मला उचललं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस! पाठ धरली ती चार दिवस. म्हणाला, लोइस, काढलं मला. वर्षभराचा पगार देऊन काढलं. असा ओरडत होता की शेजारीण बाहेर आली." लोइसनं लिंबाची साल ताटलीच्या कडेला ठेवली. "कितीतरी वर्षं वाट बघत होता तो. दरवेळी यादी निघाली की म्हणायचा, या खेपेला माझं नाव असू दे. मिनेसोटात माझ्या भावाचं तळ्याकाठचं घर आहे. आम्ही घेतो म्हणून शनिवारी कळवलं. सोमवारी पुन्हा फोन केला, नको म्हणून."

डेनीसच्या हातातला काटा ताटलीत टेकला.

"पण मग त्याची त्यानं नोकरी सोडली असती तर..."

"स्वतः सोडणाऱ्याला कोण देतंय पॅकेज? पण ते जाऊ दे. मी म्हटलं त्याला, माझं पेन्शन आहे, माझा विमा आहे, दिवस काढू कसेबसे. तर म्हणाला, डेनीसनं माझ्यासाठी खुर्ची सोडली. आता तिच्या तोंडावर राजीनामा फेकू? दोन वर्षं काढतो म्हणाला. पूर्ण पेन्शन होईपर्यंत. मग रीतसर निघतो, म्हणजे तिला काही वाटायला नको."

हॉलमध्ये कुणीतरी लॉटरीचा नंबर पुकारला आणि मागच्या टेबलावर टाळ्या पडल्या.

"मला वाटलं तो रडतोय," डेनीस म्हणाली. "खिडकीशी."

"असेलही. रडतो तो आनंद झाला की." लोइसनं हात पुढं करून तिच्या मनगटावर ठेवला, बोटं तेलकट होती. "रागावलेली नाहीये मी तुझ्यावर. होते. फेब्रुवारीभर होते. आता खा, गार होतंय."

डेनीसनं खाल्लं. लोइसला गाडीपर्यंत पोहोचवलं. पुढचे कितीतरी दिवस ती मर्लशी फोनवर फक्त कामाचं बोलली, आणि तोही.

एप्रिलच्या शेवटी कर्नीवर गारा पडल्या. मुठीएवढ्या गारा, वीस मिनिटं. एका बाजूची सगळी छपरं गेली, झाडं पानं ओरबाडून काढल्यासारखी उभी राहिली. मोठ्या पडझडीला मॅनेजरनं एकदा जागेवर यायचा रिवाज होता, म्हणून तिसऱ्या दिवशी मर्ल आला. तो बारीक झाला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि हातात फोन. दुपारपर्यंत ती त्याला घरं दाखवत हिंडली. मग तिच्या पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर बसून दोघांनी रंझा खाल्ला, कोबी आणि खिमा भरलेला तो पाव तो येताना घेऊन आला होता.

"लोइस भेटली होती," डेनीस म्हणाली.

"सांगितलं तिनं. घरी आल्या आल्या. तिच्या पोटात काही राहतंय?"

"मग इतके दिवस तू..."

"तूही गप्पच होतीस."

खरं होतं. समोरच्या घराच्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलेलं होतं आणि ते वाऱ्यानं फडफडत होतं.

"मी ग्रँटकडे जाते," ती म्हणाली. "सांगते त्याला की..."

"काय सांगशील? आपल्या दोघांनाही जायचं होतं, एवढंच त्यांना कळेल. फुकटात दोघं गेली तर ते नको म्हणतील का?" त्यानं पावाचा कागद खाली दुमडून घेतला. "झालं ते झालं. माणसं चांगली आहेत. तुझा तो तक्रारींचा माणूस जरा डोकं खातो. तू कसं सहन केलंस त्याला?"

"मंगळवारी त्याला एकदा पूर्ण बोलू द्यायचं. मधे बोलायचं नाही. मग आठवडाभर बरा असतो."

"हे मला मार्चमध्ये सांगायला हवं होतंस."

दोघं हसले. हसू लवकर संपलं.

"त्या सोमवारी का नाही बोललास, मर्ल? मी तर दारातच उभी होते."

मर्ल सावकाश चावत राहिला.

"बोलणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण तुझा चेहरा..." त्यानं हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तू नवीन लागलीस तेव्हा असायचा तसा चेहरा होता तुझा. मधल्या काळात तो कुठं गेला होता कुणास ठाऊक. त्याला मी काय सांगू? आणि दुसरं म्हणजे, माझ्यासाठी आजपर्यंत कुणी काही सोडलेलं नाही, डेनीस. असलं काही परत कसं करतात, मला माहीत नव्हतं."

फळकुटावर सांडलेले कोबीचे तुकडे तिनं बोटानं खाली लोटले.

"तुला आवडतंय का इथं?" त्यानं विचारलं. "खरं सांग."

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. इतक्या दिवसांच्या गाडीच्या प्रवासात तिनं याची उत्तरं करून पाहिली होती. पाठ दुखते. मोटेलातली गादी वाईट असते. या वयात शिडी नको वाटते. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

"आवडतंय," ती म्हणाली.

"किती?"

"फार. सकाळी उठल्यावर पोटात गोळा येत नाही."

मर्लनं मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. त्याचा फोन वाजला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, पाठ सरळ केली आणि खाली उतरला. "हो, मर्ल बोलतोय," म्हणत तो रस्त्याच्या कडेनं चालायला लागला.

डेनीसनं कागद गोळा केले, खिशात खडू टाकला आणि शिडी समोरच्या घराला लावली. वर गेल्यावर वारा जास्त होता. गारांनी छपरावर पाडलेल्या खोलग्यांभोवती ती खडूनं गोल करत कडेपर्यंत आली. मर्ल अजून खालीच होता. फोन कानाला, दुसरा हात कमरेवर. पंधरा-वीस पावलं जाई, वळे, परत येई. बोलता बोलता त्यानं वर पाहिलं आणि ती दिसल्यावर मोकळा हात उंच केला.

तिनंही हात केला. तोंड फिरवावं असं तिला फार वाटलं. पण तो पाहत होता, म्हणून तिनं ते फिरवलं नाही.